उत्तरेकडे डोकं

हुडकेश्वरच्या यमुताई कुणाचंच ऐकत नाहीत, अशी त्यांच्या घरच्यांची तक्रार आहे. ती खरी नाही. यमुताई सगळ्यांचं ऐकतात, अगदी शेवटपर्यंत, मध्ये तोंड न घालता. मग म्हणतात, "झालं? आता चूक कुठे आहे ते सांगते."

ही सवय शाळेतली. नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत त्यांनी उभी हयात भूगोल शिकवला आणि पहिली लढाई दिली ती संत्र्याशी. पृथ्वी संत्र्यासारखी गोल आणि दोन्ही टोकांना जराशी चपटी, हे सगळ्या महाराष्ट्रानं मान्य केलं होतं. नागपुरानं तर छाती फुगवून. यमुताई म्हणाल्या, बाहेरून असेल हो, पण आतून? संत्रं सोलून मधोमध बघा. आहे काही? नुसती पोकळी! त्यांच्या वर्गात पृथ्वी आंब्याची होती. साल म्हणजे भूकवच, गर म्हणजे प्रावरण, कोय म्हणजे गाभा. "आणि आपण कुठे राहतो? सालीवर. एवढीशी पातळ साल आणि तिच्यावर बसून आपला केवढा तोरा!" एका वर्षी कुणीतरी उत्तरपत्रिकेत लिहिलं, 'पृथ्वीचा गाभा भाजून खाल्ल्यास पोटाला बरा.' यमुताईंनी अर्धा गुण दिला. गाभ्याचा आणि उष्णतेचा काहीतरी संबंध आहे, एवढं तरी पोहोचलं होतं.

पृथ्वीच्या चुंबकाचा धडा आला की मात्र त्या खडू खाली ठेवत. बाहेरच्या गाभ्यात वितळलेलं लोखंड ढवळत असतं आणि त्यातून पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, एवढं फळ्यावर झालेलं असे. पुढचं त्या हातवारे करून सांगत. "मे महिन्यात बर्डीच्या बाजाराला निघालेली पोरगी पाहिली ना? गाडीवर बसायच्या आधी डोक्याला, तोंडाला दुपट्टा कसा गुंडाळते? डोळे तेवढे उघडे. आपली पृथ्वी म्हणजे ती पोरगी. सूर्य नुसतं ऊन पाठवत नाही, विजेनं भारलेल्या कणांचा वाराही सोडतो. तो थेट अंगावर आला तर आपली ही हवा हळूहळू उडवून नेईल. पण पोरगी पक्की! चुंबकाचा दुपट्टा बांधून फिरून राहिली आहे. सूर्य फेकतो, ती बाजूला वळवते. भीत नाही." ते 'भीत नाही' अभ्यासक्रमात नव्हतं. पण तेवढंच म्हणे मुलांच्या लक्षात राहायचं.

अशा बाईचा मणका गेला तो लोणच्याच्या बरणीपायी. बरणी फळीवर होती. श्रीधर, म्हणजे त्यांचा मुलगा, बँकेत अधिकारी, म्हणाला, "आई, थांब, मी काढून देतो." यमुताई थांबल्या असत्या तर त्या यमुताई कसल्या? स्टुलावर चढल्या. बरणी वाचली, मणक्याला चीर गेली. डॉक्टरांनी एमआरआय केलं आणि फर्मावलं की दीड महिना आडवं पडायचं, उठायचं नाही, बसायचं नाही.

पडायचं ते त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच लोखंडी पलंगावर. पलंगाचं डोकं उत्तरेला, भिंतीशी. त्या भिंतीला लागूनच मोठ्या आरशाचं लोखंडी कपाट. पाय दक्षिणेला, आणि समोर खिडकी. खिडकीत काय नव्हतं? रिकाम्या प्लॉटवरचं बाभळीचं झाड, वर घिरट्या घालणारी घार, दुपारी पांढरंफटक होणारं आकाश आणि सकाळी देवाजी. देवाजी समोरच्या घरात राहायचे. कुहीकडे त्यांची धानाची शेती होती, पोरं ती पाहत, आणि देवाजी नातवंडांसाठी इथे येऊन राहून कंटाळले होते. खिडकीच्या गजाला धरून ते विचारत, "काय बाई, आज किती तापते?" आणि यमुताई पडल्यापडल्या आकाशाचा रंग बघून हवामान सांगत. चुकलं तर दोघं मिळून हवामान खात्याला दोष देत.

तेवढ्यात श्रीधरच्या फोनवर कुणीतरी एक निरोप पाठवला. उत्तरेकडे डोकं करून झोपलं की पृथ्वीचं चुंबक रक्तातलं लोखंड मेंदूकडे ओढतं.

"आई, पलंग फिरवू या," श्रीधर म्हणाला. "डोकं दक्षिणेला कर."

यमुताईंनी निरोप शेवटपर्यंत ऐकला. "झालं? आता चूक कुठे आहे ते सांगते. रक्तातलं लोखंड चुंबकाला चिकटत नाही. चिकटत असतं तर त्या एमआरआयच्या नळकांड्यात मी जिवंत राहिले असते का? पृथ्वीच्या हजारो पट जोर त्याचा! आणि पृथ्वीचं चुंबक म्हणशील तर आपल्या फ्रिजवर गणपती चिकटवलाय ना, त्याच्याहूनही मऊ. बिचारं कशीबशी एक सुई हलवतं, ते माझं रक्त काय हलवणार? शिवाय डॉक्टर म्हणाले की माझ्या रक्तात लोखंड कमीच आहे. आहे तेवढं डोक्यात गेलं तर जाऊ दे, तिथे तरी उपयोगी पडेल."

"पण शास्त्रात आहे. दक्षिण यमाची दिशा. तिकडे पाय करू नयेत."

"माझं नाव काय रे?"

"यमुना."

"यमुना यमाची कोण? बहीण. दर भाऊबीजेला ओवाळते मी त्याला. बहिणीनं भावाच्या घराकडे पाय पसरले तर त्यात एवढं काय?"

श्रीधरनं काही ऐकलं नाही. आईचाच मुलगा होता. पुढच्या तपासणीला यमुताईंना दवाखान्यात नेलं तेवढ्यात त्यानं पलंग फिरवून टाकला. परत आल्यावर बघतात तर उशी खिडकीखाली आणि समोर कपाटाचा आरसा. दिवसभर काय बघायचं? पट्टा बांधलेली, केस पिंजारलेली एक म्हातारी. यमुताईंना ती बाई मुळीच आवडली नाही.

"मी यावर झोपणार नाही," त्या चाकाच्या खुर्चीतून म्हणाल्या.

"आई, तुम्हाला बसायचं नाहीये!" सून भैरवी घाबरली.

"मग पलंग फिरवा. आजारी बाईचा चेहरा बघत महिना काढायला मी डॉक्टर नाही."

त्या खुर्चीत बसूनच राहिल्या. पाठीतून कळा निघत होत्या, कपाळावर घाम आला होता, ओठ घट्ट मिटलेले. शेवटी श्रीधरनंच पलंग जागेवर आणला. पण अट घातली की वाडीचे दुर्गेश येतील, वास्तू बघतील, आणि ते म्हणतील तो शेवटचा शब्द.

"मोजून सांगणार असतील तर येऊ दे," यमुताई म्हणाल्या. मोजमापाला त्या कधी नाही म्हणाल्या नव्हत्या.

दुर्गेश मोठा हसतमुख माणूस. वाडीतली निम्मीअधिक ट्रान्सपोर्टची गोदामं त्यानं कुठल्या तोंडाची असावीत ते सांगितलेलं. आल्याआल्या त्यानं "नमस्कार काकू" म्हणून पायांना हात लावला, फोनमधलं होकायंत्र उघडलं आणि फोन पलंगाच्या लोखंडी कठड्यावर अलगद ठेवला. काटा गरगरला, डुलला आणि स्थिरावला. दुर्गेशचा चेहरा उजळला.

"अरे वा! श्रीधरभाऊ, तुम्ही फुकट टेन्शन घेऊन राहिले. काकूंचं डोकं पूर्वेला आहे! एकदम बढिया. विद्येची दिशा. काहीच हलवू नका."

श्रीधरनं सुस्कारा टाकला. भैरवीनं देवाला हात जोडले. खिडकीतून देवाजी म्हणाले, "घ्या, मिटलं. चहा मांडा आता."

सगळं मिटलंच होतं. यमुताईंनी फक्त गप्प बसायचं होतं. खिडकी त्यांची, पलंग त्यांचा, वर विद्येची दिशा! भैरवी डोळ्यांनी विनवत होती: आई, एवढ्या वेळेला सोडून द्या. यमुताईंनी खरोखर प्रयत्न केला. ओठ मिटले, छताकडे पाहिलं, पंख्याची पाती मोजली. पण चुकीच्या उत्तराला बरोबरची खूण मिळालेली पाहणं त्यांना मणक्याच्या कळेपेक्षा जड गेलं.

"चूक," त्या म्हणाल्या.

"आई!"

"डोकं पूर्वेला असेल तर पाय पश्चिमेला. म्हणजे ही खिडकी पश्चिमेची. मग संध्याकाळी सूर्य हिच्यात मावळायला हवा. देवाजी, मावळतो?"

"न्हाई बा," देवाजींनी खरं सांगितलं. "तो तिकडं, टाकीच्या मागं जाते."

"दुर्गेश, तुमचा फोन लोखंडावर ठेवलाय. शेजारी लोखंडाचं कपाट. तो बिचारा पृथ्वीचं ऐकेल की माझ्या पलंगाचं? अंगणात न्या, लोखंडापासून लांब उभे राहा आणि मग सांगा."

दुर्गेश अंगणात गेला. परत आला तो कान खाजवत, पण हसतच. "काकू, बरोबर तुमचंच. डोकं उत्तरेलाच आहे." मग काहीतरी आठवून त्याचं हसू मावळलं. "बाप रे. गोदामात तर सगळीकडे लोखंडच असते ना वं काकू!" आणि चहा न घेताच तो निघाला. त्याला वाडीत बरंच मोजायचं होतं.

"हरल्या ना बाई तुम्ही," देवाजी हळहळले. "काहून बोलल्या? जिंकल्या होत्या ना!"

"खोटं जिंकून काय करू? माझं डोकं उत्तरेला आहे, मला ठाऊक आहे, आणि ते उत्तरेलाच राहणार. पूर्वेला आहे म्हणून नव्हे. मला तिथे ठेवायचं आहे म्हणून."

श्रीधर कपाटाला टेकून उभा होता. आवाज एकदम चढला त्याचा. "तुला सगळं शिकवणं वाटतं! बाबा याच पलंगावर गेले, आई. असंच डोकं होतं त्यांचं. मी सकाळी चहा घेऊन आलो आणि..."

देवाजी हळूच गजापासून बाजूला झाले. यमुताईंनी ऐकलं. शेवटपर्यंत, मध्ये तोंड न घालता. पण यावेळी चूक कुठे आहे ते सांगितलं नाही.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "चटई घाल इथे खाली. डोकं उत्तरेला कर."

"काय?"

"झोप म्हणते. बँकेत जायचं नाही आज. तू काय माझं ऐकत नाहीस, तुझ्या डोक्याला विचारू."

श्रीधर चटईवर आडवा झाला, रुसलेल्या पोरासारखा, भिंतीकडे तोंड करून. बाहेर ऊन पेटलं होतं. शेजारच्या खोलीतल्या कूलरची घरघर दारातून येत होती. यमुताईंनी पलंगावरून हात खाली सोडला. तो त्याच्या केसांपर्यंत जेमतेम पोहोचला.

"तुझे बाबा रक्तदाबाची गोळी जिभेखाली लपवून माझ्यासमोर पाणी प्यायचे," त्या म्हणाल्या. "मला फार उशिरा कळलं. पृथ्वीचा त्यात काही हात नव्हता रे. ती तर आपल्याला जपूनच असते."

श्रीधर घोरत होता. रात्ररात्र दाराशी येऊन आईचा श्वास ऐकणारा माणूस, पडल्याबरोबर झोपला. भैरवी चहा घेऊन आली, दोघांकडे पाहिलं आणि पाऊल न वाजवता परत गेली.

उठला तेव्हा उन्हं कलली होती. गालावर चटईच्या रेघा उमटल्या होत्या. त्यानं डोकं चाचपलं, आईकडे पाहिलं. ती खिडकीतून घार बघत होती.

तो पलंगाच्या डोक्याशी गेला, कठडा दोन्ही हातांनी धरला.

"फिरवशील तर बघ," यमुताई म्हणाल्या.

त्यानं फिरवला नाही. ढकलला. सरळ, खिडकीकडे. फरशीवर लोखंड करकरलं, देवाजी धावत आले. "अरे काय करून राहिला गा? बाईंले बाहेर काढतो का?"

"बाभळीचा शेंडा दिसत नव्हता तिला पूर्ण," श्रीधर धापा टाकत म्हणाला. "आई, आता?"

यमुताईंनी मान न हलवता डोळे वर नेले. शेंडा दिसला. त्यावर घारीचं घरटंही.

"अजून जरासा दक्षिणेला," त्या म्हणाल्या.