पप्पांच्या सदऱ्याला मेण

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. आहे, त्यामुळे आमच्या घरात मला कुणी वेळेवर अडवत नाही.

अख्ख्या घराण्यातली पहिली पदवी माझी! (आईनं ती टीव्हीच्या बरोबर वर टांगलीय. मॅच बघायला आलेल्या माणसाला ती चुकवताच येत नाही.) तर बुद्धपौर्णिमेच्या सकाळी मी जाहीर केलं, "आजपासून प्लास्टिक बंद. चपात्या मेणाच्या कापडात!"

"मेणकापड?" आई ओरडली. "तान्ह्या पोराखाली घालतात ते? त्यात चपात्या?"

"ते वेगळं गं! हे मधमाशीचं मेण. हाताच्या उबेनं भांड्याला चिकटतं. धुवायचं, परत वापरायचं!"

सुती कापडाचे चौकोन कापले, वर मेण किसलं, वरखाली कागद ठेवले आणि इस्त्री फिरवली. काय सांगू! मेण कापडात असं मुरलं, असं मुरलं! अर्ध्या लिंबावर दाबलं, तर टोपी घातल्यासारखं बसलं! शेजारच्या शेवंतामावशी धावत आल्या, मागोमाग अख्खा मजला. दिवस कलेपर्यंत मी दारात उभी राहून शंकानिरसन करत होते.

तेवढ्यात पप्पा पांढराशुभ्र सदरा घेऊन आले. संध्याकाळी विहारात त्यांना पहिल्यांदाच सगळ्यांपुढे वंदना घ्यायची होती. आठवडाभर ते मोरीत नळ सोडून सराव करत होते.

"बाय, इस्त्री मारतेस जरा?"

"द्या की! लगेच मारते!"

पहिल्याच फटक्यात छातीवर पेढ्याच्या कागदासारखा तेलकट पट्टा! इस्त्रीच्या बुडाला सकाळचं मेण होतं.

"थांबा," मी म्हटलं, "याला शास्त्रीय उपाय आहे. वर कागद ठेवून इस्त्री फिरवली की कागद मेण शोषून घेतो."

उपाय अगदी बरोबर होता. कागद मात्र सकाळचेच होते, मेण पिऊन तर्र झालेले.

"अगं, डाग पसरतोय!"

"पसरतोय म्हणजे निघतोय, आई!"

शेवटी निदान एकसारखं दिसावं म्हणून मी पाठ आणि बाह्यासुद्धा उरकून टाकल्या.

"दुसरा पांढरा कुठाय?" पप्पांचा आवाज बारीक झाला होता.

"भिजत घातलाय," आई म्हणाली.

खालून हाक आली, "दादा, चला! माणसं बसलीत!"

पप्पांनी सदरा चढवला. बाहेर मे महिना. मुंबईतल्या काळाचौकीच्या त्या उकाड्यात सदरा पप्पांच्या अंगावर असा बसला, की बनियनची भोकंसुद्धा मोजता यावीत! विहारात हात जोडताना कडकड आवाज झाला. शेवटच्या रांगेत मी दाराजवळची जागा धरली. आता पप्पा अडखळणार, लोक हसणार, आणि सगळं माझ्यामुळे!

पण पप्पा एका शब्दालाही अडखळले नाहीत. आवाज खणखणीत! वंदना संपली तशी माणसं भोवती जमली.

"दादा, सदरा कुठून घेतला हो? काय चकाकतोय!"

पप्पांनी छाती पुढे काढली. (सदरा वाकू देतच नव्हता.) "पोरीनं केलाय. बी.एस्सी. आहे ती."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात शेवंतामावशींनी पप्पांची बाही चिमटीत धरून पाहिली आणि गंभीरपणे मला विचारलं, "काय गं, यांना आता फ्रीजमध्ये ठेवायचं की बाहेर चालतील?"

आणि मी, घराण्यातली पहिली पदवीधर, दिवसभराच्या सवयीनं सांगून मोकळी झाले, "बाहेर चालतील मावशी, फक्त उन्हात ठेवू नका!"