प्रभूचा अकरा वर्षांचा बेस

आमच्या ऑर्केस्ट्रात प्रभू बिराजदार अकरा वर्षं बेस गिटार वाजवत होता, आणि अकराव्या वर्षीही पहिल्या वर्षाइतकाच वाईट वाजवत होता. मी शेजारी ऑक्टोपॅडवर ताल धरायचो, म्हणून मला ठाऊक. भवानी पेठेत त्याचं टॉवेलचं दुकान. दर दिवाळीला नवी गिटार यायची. रियाज नवशिक्यांनी करायचा, असं तो चहा पिताना सांगायचा.

मागच्या वर्षी कोरसला अक्कलकोटची जगदेवी आली. दवाखान्यात नर्स. तिला बेस शिकायचा होता. प्रभूनं तिला समोर बसवलं, तासभर भरधाव बोटं नाचवून दाखवली आणि याला शिकवणी म्हटलं.

मग ती स्वतःच शिकली. जुनी चार तारांची गिटार आणली, मोबाईलवर मेट्रोनोम लावला, मिनिटाला साठ ठोके. महिनाभर फक्त मोकळ्या तारा. तर्जनी, मधलं बोट, पुन्हा तर्जनी. चुकली की वेग आणखी कमी करायची. वाजवलेलं रेकॉर्ड करून ऐकायची, तोंड वाकडं करायची आणि पुन्हा पहिल्यापासून. प्रभू हसायचा.

जत्रेतल्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला साउंडवाल्या शिवूनं वैतागून प्रभूचा आवाज पूर्ण बंद केला. प्रभू डोळे मिटून, मान डोलवत तीन तास वाजवत राहिला. त्याला कळलं नाही. लोकांनाही काही कमी वाटलं नाही. उतरल्यावर मला म्हणाला, "आज बेस लई घुमला की." मी वायर गुंडाळत राहिलो.

पुढच्या तालमीला जगदेवीनं त्याला सांगून टाकलं, जत्रेत त्याचा आवाज बंद होता आणि तो ठोक्यावर वाजवतच नाही. आमच्यातल्या एकानंही कधी तोंड उघडलं नव्हतं. त्याच्या दुकानातले टॉवेल आम्हाला फुकट मिळायचे. तिनं मेट्रोनोम लावला. "अण्णा, चार मिनिटं एकच सूर वाजवा. ठोक्यावर."

प्रभू मिनिटभरात ठोक्याच्या पुढं पळाला. थांबला, पुन्हा पळाला.

"तुझं मशीन मागं पडतंय," तो म्हणाला आणि गिटार पिशवीत घातली. त्यानंतर तो आला नाही. पेठेत मात्र सांगत असतो, जगदेवीला मीच तयार केलं.

करमाळ्याच्या कार्यक्रमात बेस तिनं वाजवला. साधाच, पण प्रत्येक सूर जागच्या जागी. तिच्या बेसशेजारी माझे ठोके सैल, घसरलेले ऐकू आले. इतकी वर्षं मी तसाच वाजवत होतो, आणि प्रभूला नावं ठेवत होतो.