अकराव्या टेकडीवरचा ऊद

आमच्या ह्यांच्या छातीत स्टेंट बसवून वर्षही झालं नव्हतं, आणि हे टपरीवर दोस्तांशी पैज लावून आले. गावाभोवतालच्या अकराही टेकड्या होळीच्या आत चढून दाखवणार म्हणे. माझं डोकंच फिरलं.

"वाशीमच्या डाक्टरनं काय सांगतलं होतं? पळू तर बिलकूल नका म्हणून."

"मंग मी कुठी पळून राह्यलो व? हळूहळू चढतो."

एकट्याला सोडायची माझी हिंमत नव्हती. दर रविवारी सकाळी मीही मागे. ह्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत जिभेखाली ठेवायची गोळी, पाणी आणि एक जाड चादर. शंभर पावलं झाली की चादर अंथरायची आणि ह्यांना जबरदस्तीनं बसवायचं. वाटेत बायका हसत, म्हातारपणी फिरायले निघाले म्हणत. हसा म्हणावं, तुमचं काय जातं? ह्यांच्या श्वासाचा आवाज जरा बदलला तरी मी पिशवीतली गोळी काढून हातात धरायचे. इथं काही झालं तर मी एकटी कोणाला हाक मारू, एवढंच डोक्यात.

आमच्याकडच्या टेकडीवर काही नसलं तरी शेंदूर फासलेला एक दगड असतोच. प्रत्येक माथ्यावर मी गोवरीचा तुकडा पेटवून ऊद टाकायचे. उदाशिवाय देवाकडे मागणं मला अर्धवट वाटतं. मागणं एकच, ह्यांना सुखरूप खाली ने. दहा टेकड्या देवानं ऐकलं.

अकराव्या टेकडीवर देव एका पुढे आलेल्या कपारीखाली बसलेला. मी देवाकडे पाहिलं, कपारीकडे पाहिलंच नाही. शेवटची टेकडी म्हणून ऊदही मूठभर टाकला. धूर भसाभसा वर गेला. मग घूं असा आवाज सुरू झाला. मान वर केली तर कपारीचा काळा भाग हलत होता. आग्यामोहोळ.

"पळा!" मीच ओरडले. वर्षभर पळू नका, पळू नका म्हणून जीव खाणारी मी.

हे पळाले. मीही पळाले, पण लुगडं बोराटीच्या काट्यांत अडकलं आणि तोंडावर आपटले. मान उचलली तर हे पार खाली पोचलेले. खरं सांगते, बरं वाटलं. म्हटलं, सुटले एकदाचे. तेवढ्यात ते मागे वळले आणि चढावर पळत सुटले, माझ्याकडे.

"अवो, येऊ नका! तुमची छाती!"

ऐकतील तर ना. पिशवीतली चादर ओढून माझ्यावर टाकली आणि स्वतःही आत शिरून माझ्या पाठीवर पडले. "हालू नको," एवढंच बोलले. चादरीवर माशा आपटत होत्या. एक माझ्या मनगटाला डसली. मला त्याचं काही नव्हतं. पाठीवर ह्यांची छाती धाडधाड उडत होती, आणि एक ठोका पडला की दुसरा पडेल की नाही, म्हणून मी श्वास रोखून होते.

किती वेळ गेला कोण जाणे. आवाज विरला.

"अवो," मी म्हटलं. "अवो, बोला ना."

"थांब जरासा," हे धापा टाकत म्हणाले. मग चादर जराशी वर करून, "एवढा ऊद जाळून काय मांगतलं व तू देवाले?"

मी पिशवी चाचपून गोळी काढली आणि आधी ह्यांच्या जिभेखाली ठेवली.