येतो म्हणून उठावं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दाढेच्या इलाजासाठी म्हणून मी भालकीहून कलबुर्गीला खेपा घालत होतो, तेव्हा माझ्या बत्तीशीतला एकही दात दुखत नव्हता. मी जायचो ते अक्कांकडे. माणसाच्या मनातलं ऐकून घ्यायचं, हा त्यांचा व्यवसाय. दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी होती, पण त्या पाटीतल्या ‘उपदेशा’शी अक्कांचा काडीचा संबंध नव्हता. फुकट सल्ला देणारी माणसं आमच्याकडे पानटपरीपासून मठापर्यंत पोत्यानं मिळतात. सल्ला न देण्यासाठी एवढी मेहनत घेणारी बाई मात्र अख्ख्या भूतलावर दुसरी नसेल.

माझं हार्डवेअरचं दुकान. समोर गिऱ्हाईक खिळे मागायचं आणि इकडे माझी छाती अशी आवळून यायची की श्वास पुरत नसे. हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, ‘‘काळीज ठणठणीत आहे. त्याच्यावर काय ओझं ठेवलंय, ते बघून घ्या,’’ आणि अक्कांचा पत्ता दिला. घरी हे कसं सांगायचं? आमच्या भागात असल्या ठिकाणी गेलं, की माणूस वेडा तरी ठरतो, नाहीतर भानामतीचा तरी. म्हणून मी दाढ पुढे केली. बायको बिचारी मऊ भात करून वाढू लागली. निघताना आई माझ्या मुठीत लवंग ठेवायची. पुढे पुढे बायको वैतागली. ‘‘एवढ्या दिवसांत अख्खी बत्तीशी नवी आली असती,’’ ती म्हणायची. ‘‘काढून टाका की एकदाची!’’

अक्कांची खोली एका खानावळीच्या माडीवर होती. पहिल्या दिवशी जिना चढताना मी मनाशी धरलं होतं, की निजायला कोच असेल, निदान एखादी गोळी तरी मिळेल. आत तीन खुर्च्या होत्या. ‘‘कुठं बसू, मॅडम?’’ मी विचारलं. ‘‘तुमाला कुठं बसावं वाटायलंय?’’ एवढा साधा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता, त्यामुळे मी बराच वेळ उभाच राहिलो. पन्नाशी उलटलेल्या अक्का चपला काढून खुर्चीवरच मांडी घालून बसलेल्या. ‘‘मॅडम नगं, डॉक्टर तर मी न्हाईच. अक्का म्हणा,’’ त्या म्हणाल्या. मग गंभीरपणे त्यांनी आपले नियम सांगितले. ‘‘इथलं बोलणं इथंच ऱ्हाईल. कुणाच्या जिवावर बेतायलंय असं दिसलं, तरच मी तोंड उघडीन, ते बी तुमाला सांगून. बोला न्हाईतर गप बसा, दोन्ही चालतंय. फरक पडंल का, ते आजच सांगता येत न्हाई. आन् रडू आलं तर ह्यो पंचा घ्या. कागदाच्या रुमालात मोठ्या माणसाचं रडं मावत न्हाई, अण्णा.’’ पंचा धुऊन घडी घातलेला होता. घडी मोडायची माझी हिंमत पुष्कळ दिवस झाली नाही.

खोलीत घड्याळ नव्हतं. खाली खानावळीत ज्वारीच्या भाकरी थापायला सुरुवात झाली, की थप्‌थप् आवाज फरशीतून वर यायचा आणि अक्का पाय खाली सोडायच्या. आमची वेळ संपली, याची ती खूण. मला तर बोलायचं काही आठवायचंच मुळी त्या पहिल्या थापेबरोबर. ‘‘ऱ्हाऊ द्या,’’ अक्का म्हणायच्या, ‘‘दाराशी आलेलं दारातच ठिवा. फुडल्या येळंला तिथूनच आत घिऊ.’’ आणि मी कधी ‘‘बरं आहे सगळं’’ म्हणालो, की त्या कानडीत ‘‘हौदा?’’ म्हणून नुसतं बघत बसायच्या. त्या ‘असं होय?’पुढे भल्याभल्यांचं ‘बरं आहे’ टिकत नसे.

एकदा भालकीत एका लग्नात अक्का पंगतीत माझ्या शेजारीच आल्या. मी आनंदानं हात जोडायला उचलणार, तोच त्या अगदी कोऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या, ‘‘तुमी नवरीकडले का?’’ मी थंडच पडलो. पूर्ण पंगतभर त्या बाईनं मला परक्यासारखी तुपाची वाटी सरकवली, आणि पलीकडच्या आजोबांशी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. पुढच्या खेपेला मी फुगूनच बसलो होतो. अक्का म्हणाल्या, ‘‘राग आला न्हवं? अहो, तुमी माझ्याकडं येताव, हे तुमचं हाय. ते चारचौघांत उघडायचं का झाकायचं, तुमी ठरवा. तुमी ओळख दाखविली असती तर मी तुमच्या ताटातली पुरणाची होळगी उचलून खाल्ली असती!’’ माझं काहीतरी कुणीतरी इतकं जपून ठेवलं होतं, याची मला सवय नव्हती.

मी बायकोवर रागवायचो, तसा अक्कांवरही रागावलो आहे. आमच्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत देत नाहीत, चार शेंगदाणे तरी घालून देतात. अक्का मात्र प्रश्नाचा डबा झाकणही न काढता परत करायच्या. ‘‘अक्का, मी काय करू?’’ की लगेच, ‘‘काय करावं वाटायलंय?’’ एकदा मी ओरडलोच. ‘‘एवढ्या लांबून एस्ट्यांचे धक्के खात येतो ते हे ऐकायला का?’’ अक्का शांतपणे म्हणाल्या, ‘‘न्हाई. तुमी ऐकायला न्हाई, सांगायला येताव.’’

तेही खरंच होतं, आणि ते सांगणं बाहेर निघालं ते अक्कांच्या एका बारीकशा प्रश्नामुळे. भाकरीची पहिली थाप पडली आणि मी नेहमीसारखा उठून दाराकडे चाललो होतो. मागून अक्का म्हणाल्या, ‘‘अण्णा, एक इचारू? तुमी सांगून उठत न्हाईत कामून?’’

मी जागच्या जागी थांबलो. आपल्यात घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतात. कानडीतही ‘जाऊन येतो’ असंच आहे. लहान पोराला बोलायला येतं तेव्हापासून हे शिकवलं जातं, आणि चुकून कुणी ‘जातो’ म्हणालंच, तर घरातलं कुणीतरी ओरडतं, ‘येतो म्हणावं!’ मी मात्र कितीतरी वर्षं दुकानातून, पंगतीतून, स्वतःच्या घरातूनसुद्धा काही न बोलता निघून जात होतो. घरच्यांना वाटायचं, ह्याचा स्वभावच मुका. अक्कांनी ते धरलं.

मी परत येऊन बसलो. त्या दिवशी खाली भाकरी थापल्या जात राहिल्या, आणि अक्कांनी पाय खाली सोडले नाहीत.

मी सांगितलं. कितीतरी वर्षांपूर्वी धाकट्या भावाला दुसऱ्या जातीतली मुलगी करायची होती. वडील नव्हते, घरात मी थोरला. मी म्हणालो, ‘‘ती ह्या घरात येणार न्हाई.’’ तो म्हणाला, ‘‘मग मी जातो, अण्णा.’’ उंबऱ्यात तो जरासा थांबला. ‘येतो म्हणावं’ असं मी ओरडेन, याची वाट बघत असेल. मी ओरडलो नाही. तो गेला. स्वयंपाकघरात आई पीठ मळत होती. तिनं आतूनच विचारलं, ‘‘काय म्हणला रे?’’ आणि मी म्हणालो, ‘‘येतो म्हणला.’’

तिचा जीव घाबरू नये, म्हणून तेवढ्यापुरतं म्हणालो होतो. पण तो आला नाही. हैदराबादेकडे त्याचा संसार आहे, असं उडत उडत कळतं. आईनं आधी वाट पाहिली, मग ती वाट आटून तिचा राग झाला. आजही कुणी धाकट्याचा विषय काढला, की ती म्हणते, ‘‘येतो म्हणून गेला आन् आला न्हाई. लबाड निघाला. माझ्या पोटी थोरला तेवढा सबुदाचा पक्का निपजला.’’ आणि माझ्या पाठीवरून हात फिरवते. छाती आवळायला लागली ती तिथून.

मी पंचाची घडी मोडली. तोंड पुसून मी विचारलं, ‘‘आईला सांगू का, अक्का?’’ मला वाटलं, निदान ह्या एका प्रश्नाच्या डब्यात तरी त्या चार दाणे टाकतील. त्या म्हणाल्या, ‘‘सांगायचं का, ते तुमचं. पर सांगायचं ठरलं आन् जीभ अडली, तर आदी इथं म्हणून बगा. मी आई म्हणून बसते.’’ आणि खरंच, समोरच्या खुर्चीत बसून अक्का हवेतल्या हवेत पीठ मळू लागल्या. हसू यावं असं ते दृश्य, पण मला हसू आलं नाही. मला वाक्यही आलं नाही. नंतरच्या खेपांना मात्र येत गेलं, आधी अर्धं, मग सगळं.

पुढे अक्का लेकीकडे बेंगळूरला निघाल्या, खोली बंद झाली. शेवटच्या दिवशी थाप पडली, तसा मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि वळून म्हणालो, ‘‘येतो, अक्का.’’ बोलणं शिकलेल्या पोराकडे बघावं तशा त्या बघत राहिल्या. ‘‘हं, या,’’ त्या म्हणाल्या. दोघांनाही ठाऊक होतं, की आता तिथं यायला काही उरणार नाही.

घरी आलो तर आई ओसरीवर बसली होती, मुठीत लवंग घेऊन. ‘‘काढली का रं दाढ?’’ तिनं विचारलं. मी म्हणालो, ‘‘न्हाई, आई. अजून हाय.’’ तिनं लवंग माझ्या तळहातावर ठेवली.

छाती आता आवळत नाही म्हटलं तरी चालेल. दुकान बंद करताना मी नोकरांनाही ‘येतो’ म्हणून निघतो. पण अक्कांच्या खोलीत म्हणून पाहिलेलं वाक्य मी अजून आईपुढे म्हणालेलो नाही. धाकटा ‘जातो’ म्हणाला होता. ‘येतो’ मी म्हणालो होतो. एवढं सांगणं मी आईचं देणं लागतो.