परभणीत कुठं उतरावं, काय खावं, काय बघावं

आमच्या जवळा बाजारकडची पोरं-पोरी आता परभणीला शिकायला जातात. शेतीचं विद्यापीठ हाय तिथं. शेती शिकायला शेत सोडून जावं लागतं, हे मला अजून उमगलं न्हाई, पण माझी नात बी तिथंच हाय. मी चौथी शिकलो. जाऊन आलो ते लिहून ठेवतो, म्हणजे बाजारात भेटणारा दर माणूस तेच तेच विचारणार न्हाई.

मी गेलो ते घरचीमुळं. दोन वर्षं ती म्हणत होती, एकदा परभणीला जाऊन येऊ. मी म्हणायचो, सोयाबीन निघू दे, कापूस निघू दे. सोयाबीन निघालं, कापूस निघाला, आमी काही निघालो न्हाई. चैत्रात तिनं अंथरूण धरलं. म्हणाली, "लेकरू कुठं निजतं ते बघून या. मला सांगा." मी म्हणालो, बरी हो, संगंच जाऊ. आठव्या दिवशी गेली.

तेराव्याला तिची कापडं वाटली. गेलेल्या माणसाची कापडं घरात ठेवत न्हाईत आमच्याकडं. पेटी उघडली तर हिरवं लुगडं न्हवतं, लाल काठाचं, बाजाराला नेसायची ते. सुनेला विचारलं. ती म्हणाली, "मामा, मी काहून घेऊ?" तरी मी दोन महिने तिच्याशी धड बोललो न्हाई.

होस्टेलात भेटायचा दिवस रविवार. रविवारच्या एसटीचा भरवसा न्हाई म्हणून मी शनिवारीच गेलो. जीपनं जाऊ नका. जीपवाला "निघालोच" म्हणतो आणि चहा प्यायला जातो.

उतरायला स्टँडजवळ लॉज हायेत. लॉजवाल्यानं आधार कार्ड बघितलं, विचारलं, "किती जण?"

"एकच."

"खोली दोघांचीच हाय."

खोलीत दोन उशा होत्या. एक उशी मी खाली नेऊन दिली.

"राहू द्या बाबा, भाडं तेवढंच लागतंय," तो म्हणाला.

"माहीत हाय. ठेव तुझ्यापाशी."

खायला खानावळी हायेत. भाकर मागा. पोळीतून पलीकडचं दिसतं. ठेचा चांगला हाय. वरण वाढलं तवा मी मालकाला विचारलं, "यात डाळ हाय का?"

"बुडाशी हाय बाबा, हलवून घ्या."

हलवलं. होती.

बघायचं म्हणलं तर विद्यापीठाची शेतं. रस्त्यावरून दिसतात. तासं दोरीत सरळ, दर वाणाला पाटी. माझ्या वावरातलं तण कुणी मोजलं न्हाई, तिथं हुडकावं लागतं. लाल कंधारी गाई बघा. आमच्याकडं त्या बघायला कुणी तिकीट काढून येत न्हाई, मी मात्र तिथं अर्धा तास उभा होतो. हे सगळं शनिवारीच झालं.

रविवारी सकाळी होस्टेलला गेलो. फाटकावर एक बाई खुर्ची टाकून बसलेली.

"बाबा, गडीमाणसाला आत जाता येत न्हाई."

"माझी सत्तरी झाली."

"झाली असंल. गडीच हाव ना?"

"व्हय."

"मग बसा बाकड्यावर. आजीला आणायचं संगं. बाईमाणसाला खोलीपस्तोर सोडतो आमी."

नेम हाय, बराबर हाय. पण हे दोन वर्षांमागं कुणी सांगितलं असतं तर सोयाबीन उभं सोडून तिला आणली असती. तुमी जाणार असाल तर घरची संगं न्या.

नात आली. सुनेनं दिलेला धपाट्याचा डबा बाकड्यावरच उघडला. ती दुसरा धपाटा खात होती तवा मी कशाला आलो ते सांगितलं. तिचा घास तोंडातच राहिला.

"आजी असं म्हणली?"

"व्हय. आता तिला काय सांगू? बाकडं बघितलं म्हणून?"

ती उठली. "आबा, चला मागच्या रस्त्याला."

कुंपणाच्या भिंतीला वळसा घालून आमी मागं गेलो. तिनं बोट वर केलं. "दुसरा माळा. लिंबाकडून तिसरी खिडकी."

खिडकीला पडदा होता. हिरवा, लाल काठाचा.

"ऊन लई येतंय तिकडून," ती म्हणाली. "कापडं वाटायच्या आदल्या दिवशी मीच काढलं पेटीतून. तुमी वरडाल म्हणून सांगितलं न्हाई."

मी वरडलो न्हाई. विचारलं, "खाट कुठं हाय?"

"खिडकीखालीच. उसं तिकडंच करते."

"पंखा?"

"हाय. वाजतोय."

"लुगडं धुतलं का?"

"न्हाई अजून."

"नको धुऊ."

 तिला धपाट्याचा डबा दिला आणि एसटी धरली.

घरी आल्यावर सुनेला म्हणालो, "लुगडं सापडलं."

"कुठं?"

"परभणीला."

तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. मग म्हणाली, "बोललात म्हणायचं," आणि चहा टाकायला गेली.

मी वसरीत घरचीच्या खाटेपाशी बसलो. खाट अजून उभी करून ठेवलेली हाय. म्हणालो, बघून आलो. दुसरा माळा, तिसरी खिडकी. पंखा वाजतो, पण चालतो. तुझ्या लुगड्याच्या सावलीला निजती.