यॉर्कमधली तळमजल्याची खोली

अमेरिकेतल्या आयसेलिन गावात ओक ट्री रोडवर, साड्यांच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत कांचन देव विमानाची तिकिटं काढून द्यायची. नागपूर सोडून तिला दहा वर्षं झाली होती. मुलं शाळेत जायला लागल्यावर तिने ट्रॅव्हल एजंटचा कोर्स केला आणि एक टेबल, एक फोन घेऊन बसली. स्वतः भारताखेरीज कुठेच गेली नव्हती, पण कुठल्या विमानतळावर किती चालावं लागतं ते गिऱ्हाइकाला तोंडपाठ सांगायची.

१९८६च्या जुलैत तिच्या ओळखीतले त्र्यंबककाका आणि काकू इंग्लंडात यॉर्कला निघाले होते. त्यांच्या मुलीला, सुलेखाला, तिथल्या विद्यापीठात पीएचडी मिळणार होती. काकूंचे गुडघे धरलेले, त्यामुळे खोली तळमजल्यावरच हवी होती. कांचनने मे महिन्यात एका हॉटेलला पत्र टाकलं आणि काकांना सांगूनही टाकलं, की काम झालं. उत्तर आलेलंच नाही हे लक्षात आलं, तेव्हा आठ दिवस उरले होते. तिने फोन केला. हॉटेलवाले म्हणाले, पत्र मिळालं नाही, आणि पदवीदानाच्या आठवड्यात आता कुठली खोली?

काकांना आत्ताच सांगू नये, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण तिने नंबर फिरवला.

“काका, खोली बुक झालेलीच नाही. चूक माझी आहे.”

काका म्हणाले, “आम्ही बॅगा भरतोय. तू शोध.”

ते रागावले असते तर सोपं गेलं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे पाचला स्वयंपाकघरातल्या फोनपाशी बसू लागली. इंग्लंडात तेव्हा दहा वाजलेले असत. लायब्ररीतून आणलेल्या गाइडबुकातला एकेक नंबर ती लावत गेली. जुनं शहर, अरुंद घरं. खोली मिळालीच तर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. नवरा, प्रसन्न, चहा आणून ठेवायचा.

चौथ्या दिवशी मिसेस हार्कर नावाच्या बाईंनी फोन उचलला. त्या शहराच्या जुन्या तटबंदीजवळच्या आपल्या घरात पाहुणे ठेवत. वरच्या एका खोलीचं बुकिंग नुकतंच कॅन्सल झालं होतं.

“किती पायऱ्या आहेत?” कांचनने विचारलं.

“बावीस.”

तिने काकूंचे गुडघे, सुलेखाची पीएचडी, स्वतःची चूक, सगळं सांगून टाकलं.

“माझी झोपायची खोली खाली आहे,” बाई म्हणाल्या. “चार दिवस वर जाईन. मला पायऱ्यांचं काही नाही. माझी खालची खोली त्यांना देते.”

कांचनने पत्ता दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून खात्रीही करून घेतली.

पदवीदानाच्या दुसऱ्या दिवशी यॉर्कहून काकूंचाच फोन आला. “एक पायरी चढावी लागली नाही गं. काल समारंभाला सुलेखाचा हात धरून चालत गेले.”

फोन ठेवून कांचन तशीच बसून राहिली. कितीतरी दिवसांनी तिला कडकडून भूक लागली होती.