कमलताईंची भाकर

गेल्या रविवारपासून डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहून टाकतो...

घाटकोपरला आमची छोटी मराठी ख्रिस्ती मंडळी आहे. एका शाळेच्या हॉलमध्ये उपासना भरते. उपासनेत सगळे मिळून प्रभूच्या आठवणीत खातो, त्या प्रभुभोजनाची भाकर आम्ही विकत आणत नाही. पाळीपाळीने एकेका घराने गव्हाची एकच जाड भाकर करून आणायची आणि पाळकसाहेबांनी ती सगळ्यांसमोर मोडायची... आपण सगळे ख्रिस्तात एक आहोत, ते असं हातात यावं म्हणून.

या वेळची पाळी कमलताईंची. त्या माहुलला, रिफायनऱ्यांच्या शेजारी राहतात, एका मॉलमध्ये टॉयलेट साफ करतात. बाप्तिस्मा होऊन वर्ष झालं, पण भाकरीची ही पहिलीच पाळी. पांढऱ्या फडक्यात भाकर गुंडाळून, दोन बस बदलून आल्या... आणि टेबलावर आधीच बेकरीचा स्लाइस पाव, चौकोनी तुकडे करून मांडलेला!

आमचा सेक्रेटरी विजय, त्याला बाजूला घेतलं. "हे काय रे?"

"अरे, हायजीन यार. माहुलचं पाणी, तिथली हवा... कुणाचं पोट बिघडलं तर?"

"तुझ्या घरची पाळी होती तेव्हा पाणी कुणी तपासलं होतं?"

"तू ना, उगाच इश्यू करतोस. त्या काय काम करतात माहितीये ना? लोक बोलतात..."

आलं शेवटी पोटातलं ओठावर.

कमलताई मागच्या बाकावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "राहू द्या दादा. घरी नेते, पोरं खातील." आवाजात तक्रारसुद्धा नव्हती, त्याचाच जास्त राग आला. ही बाई पुन्हा येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

गावच्या शाळेत शिकलेला माणूस मी, मोठं धर्मशास्त्र मला कळत नाही. पण ख्रिस्त माझ्यात राहतो म्हणायचं, आणि तो जिच्यात राहतो तिच्या हातचं खायचं नाही... मग नाकारतोय कुणाला आपण?

पाळकसाहेब टेबलाशी आले, तसा मी उठलो. उपासनेत मध्येच कधी उठलो नव्हतो. कमलताईंकडून भाकर मागून घेतली, तुकड्यांची प्लेट बाजूला सारली आणि ती मध्ये ठेवली. पाळकसाहेबांनी एकदा विजयकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे... आणि भाकर मोडली.

रांगेत विजय नेमका माझ्या शेजारी. वाटलं, हा आता मागे फिरणार. नाही फिरला. मान खाली घालून हात पुढे केला, खाल्ली.

खरं सांगतो, मला ते आवडलं नाही. तो फिरला असता तर त्याला कायमचं तोडून टाकता आलं असतं. माझा तुकडा हातात धरून मी तसाच उभा... ज्या प्रभूशी मी जोडलेलो, त्याच्याशीच हाही जोडलेला. याला तोडणारा मी कोण?

गिळला तुकडा.

निघताना कमलताई म्हणाल्या, "येते दादा रविवारी." विजयने त्यांची माफी मागायची, हे मी मीटिंगमध्ये मांडणारच आहे. राग तसूभर कमी झालेला नाही.

प्रभूशी एक होणं इतकं जड जाईल, असं वाटलं नव्हतं. त्याने मला तरीही धरून ठेवलंय, त्याचे आभार मानतो... दातओठ खातच.